देवू जोडी

सदतिसाव्या प्रश्नाला आख्ख्या वर्गात मी एकटीनेच ‘ड’ला गोल केला होता. बोईसरला नवापूर नाक्यापासून जरा आत, मोबाइल दुरुस्तीच्या दुकानाच्या वर धर्मेश सरांचा क्लास चालतो. गुरुवारी संध्याकाळी सरांनी चौदाव्या सराव परीक्षेचे पेपर सगळ्यांना वाटले आणि माझा तेवढा हातात धरून ठेवला. मग प्रश्न मोठ्याने वाचला. अ आणि ब मिळून एक काम बारा दिवसांत संपवतात. अ एकटा तेच काम तीस दिवसांत संपवतो. तर ब एकटा ते काम किती दिवसांत संपवेल? पर्याय चार: अठरा, वीस, चोवीस आणि ‘निश्चित सांगता येणार नाही’. सर म्हणाले, “प्रियंका, ऊठ. सांगता येनार नाय म्हंजे काय? पेपर काडनारा येडा हाय काय?” वर्ग हसला, मीही हसले. आपण आधीच हसून घेतलं की लोकांचं हसणं लवकर संपतं, हे मी आश्रमशाळेत शिकले. पण त्या दिवशी हसता हसता तोंडातून निघून गेलं, “सर, पण ब एकटा काम करूच शकत नाही ना.” सरांनी खडू खाली ठेवला. “का? हात मोडलाय त्याचा?” आता तर मागच्या बाकावरची मुलं डोकं टेकवून हसायला लागली. सरांनी फळ्यावर दोन अपूर्णांक लिहिले, मोठ्यातून लहान वजा केला, खाली वीस लिहून त्याभोवती गोल काढला. सगळ्याला मिळून दहा सेकंद लागली असतील. “वजाबाकी हाय बाय ती. ‘ब’चे हातपाय बगायचे नाय.”

सर वाईट नाहीत. नवापूरच्या होडीवाल्यांच्या घरातले, वडील नामदेवकाका अजून समुद्रात जातात. नाव आणि प्रवाहाची गणितं शिकवताना सर नेहमी सांगतात, आमच्या खाडीत पानी येकाच वेगानं व्हातं काय? नाय. भरतीला येगळं, व्हटीला येगळं. पन पेपरात येकाच वेगानं व्हातं. पेपरात शिरलं की खाडी विसरायची. तो सगळ्या क्लासचा मंत्र होता, मुलं एकमेकांना चिडवायलाही वापरत. वर्ग सुटल्यावर सरांनी मला जिन्यात थांबवलं आणि जरा हळू आवाजात म्हणाले, “तुझी बी कायतरी खाडी हाय. काय ती माला नको सांगू. पन रविवारी तिला घरी ठेवून जा.” मी मान हलवली. माझी खाडी कुठली ते त्यांना ठाऊक नव्हतं. क्लासच्या फॉर्मवर मी वडिलांचा व्यवसाय शेती आणि आईचा गृहिणी असं लिहिलं होतं. दहावीच्या फॉर्मपासून मी तेच लिहीत आलेय.

बेटेगावला मी आणि सुलू मिळून एक खोली घेऊन राहतो. सुलू माझ्याच कंपनीत पॅकिंगला, पण तिची पाळी उलटी, त्यामुळे खोलीत आम्ही एकमेकींच्या उशा जास्त बघतो, तोंडं कमी. त्या संध्याकाळी रिक्षातून जाताना एमआयडीसीच्या बाजूने तो नेहमीचा वास आला, कुजलेल्या लसणासारखा, आणि रिक्षावाल्याने सवयीने रुमाल नाकावर ओढला. मला वास जाणवला, पण नाकापाशी हात गेला नाही. मी वजाबाकी करत होते. मला वजाबाकी येते हो! पालघरच्या कॉलेजातून बी.एस्सी. झालेय, केमिस्ट्री घेऊन, आणि आमच्या पाड्यात तोवर बारावीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. शेकडेवारी, घड्याळं, दिशा, नातेसंबंध, आकड्यांच्या मालिका, सगळं मी पटापट सोडवते. फक्त ‘ब एकटा’ असं वाचलं की हात थांबतो. आकडे बाजूला होतात आणि ते दोघेच दिसायला लागतात. एकजण गुडघाभर चिखलात उभा राहून तुडवतोय, घमेल्यात भरून आणून ओततोय. दुसरी उकिडवी बसून साचा भरतेय, वरून हात फिरवतेय, उचलून जमिनीवर पालथा घालतेय. थप. अ निघून गेला तर ब भरणार काय? चिखलच नाही. ब निघून गेली तर अ तुडवून करणार काय? चिखल वाळून जाईल. एकाने तीस दिवसांत संपवलं, हे पेपर काढणाऱ्याने कुठे पाहिलं? मला ‘निश्चित सांगता येणार नाही’ हेच अगदी खरं उत्तर वाटतं, इतकं खरं की पेन्सिल आपोआप तिकडे जाते. प्रत्येक पेपरात अशी चार-पाच गणितं असतात, चुकलं की पाव गुण वरून कापतात, आणि चौदापैकी अकरा पेपरांत मी दोन-तीन गुणांनी राहिले होते.

विटांच्या भट्टीवर माणसं मोजत नाहीत, जोड्या मोजतात. नवरा-बायको. नवरा नसेल तर दीर-भावजय, तेही नसेल तर बाप-लेक, पण जोडी. एकटं माणूस कामाला आलं तर मुकादम विचारतो, तुझं दुसरं कुठाय? दिवाळी झाली की आमचा पाडा अर्धा रिकामा व्हायचा. विक्रमगडकडची आमची जमीन पावसाच्या भरवशावरची, भात निघालं की तिच्यात काही उरत नाही, मग मुकादमाचा टेम्पो यायचा आणि जोड्या त्यात चढायच्या, भिवंडीकडे, वसईकडे, जिथे भट्टी असेल तिकडे. भट्टीच्या वहीत आमच्या पानावर दहा वर्षं ‘देवू जोडी’ एवढंच लिहिलेलं असायचं. देवू म्हणजे माझा बा. आयचं नाव जमुना, ते भट्टीवर कुठेच लिहिलेलं नव्हतं. दिवसाला हजार विटा ही चांगली जोडी. आमची चांगली जोडी होती, मुकादम लोकांना सांगायचा, देवूची जोडी बघा. लोक बाच्याकडे बघायचे. मीही बाच्याकडेच बघायचे आणि मला बरं वाटायचं. आज ते आठवलं की स्वतःला एक चापट मारावीशी वाटते, पण दहा वर्षांच्या पोरीला चापट मारून तरी काय होणार.

यंदा आयचे गुडघे गेले. गणपतीनंतर मी तिला पालघरला डॉक्टरांकडे नेलं, तेव्हा त्यांनी फोटो दिव्यासमोर धरून दाखवला. हाडं एकमेकांवर घासत होती. उकिडवं बसायचं नाही, डॉक्टर म्हणाले. आयने त्यांना विचारलं, मंग बसायचं कसं? ते म्हणाले, खुर्चीवर बसा मावशी. बाहेर आल्यावर आय त्या खुर्चीवरून इतकी हसली की दवाखान्याच्या पायरीवर टेकावं लागलं. मी हसले नाही. नरहरी मुकादमाने सोमवारी टेम्पो घेऊन येतो म्हणून निरोप धाडला होता. माझी परीक्षा रविवारी. एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत ट्रेनीच्या सहा जागा, सकाळी ॲप्टिट्यूड टेस्ट, पास होतील त्यांची दुपारी तोंडी, संध्याकाळी यादी. माझं पॅकिंगचं काम कंत्राटाचं, दर काही महिन्यांनी ब्रेक देतात, तो ब्रेक नेमका त्या शनिवारी लागत होता. म्हणजे सगळं सरळ होतं. मी लागले तर माझ्या पगारात तिघांचं भागेल, बा पाड्यावर राहील, आय खुर्चीवर बसेल नाहीतर खाटेवर लोळेल, तिची मर्जी. नाही लागले तर बाला जोडी लागणार, आणि ती जोडी मी. मी आयला तसं बजावून ठेवलं होतं. तू साच्याला हात लावायचा नाहीस, नाही झालं तर बाबरोबर मी जाते. आय म्हणाली, “बरं. सोमवारपरेंत थांबतं. मंग बगू.” तिचं ‘मंग बगू’ मी लहानपणापासून ऐकतेय. त्यावर विश्वास ठेवायचा नसतो हे मला कळायला हवं होतं.

शनिवारी कंपनीत शेवटची पाळी. आमच्या लाइनवर खोक्यांवर तारीख छापणारं एक यंत्र आहे, प्रत्येक खोकं खाली आलं की ठप. चौदा महिने मी त्या ठपच्या शेजारी उभी होते. सुरुवातीला तो आवाज भट्टीचा वाटायचा, मग सवय झाली, मग तो सगळीकडेच ऐकू यायला लागला. क्लासच्या जुन्या कॉम्प्युटरवर माउस दाबला तरी, खालच्या दुकानात कोणी शटर ओढलं तरी, खोलीत सुलूने भाकरी थापली तरी. परीक्षा जवळ आली तसतसं ते वाढलं. पर्याय निवडायचा म्हटलं की आधी कानात थप, मग बोट. मी हे कोणाला सांगितलं नाही. सुलू मला उपास धरायला सांगेल आणि सर खाडी विसरायला, हे न विचारता ठाऊक होतं. जेवणाच्या सुटीत गेटजवळच्या बदामाखाली मी डबा न उघडता बसले आणि आयला फोन लावला. गुरुवारपासून डोक्यात एकच किडा होता, तो काढून टाकल्याशिवाय रविवार पार पडणार नव्हता. बऱ्याच वेळाने तिने उचलला. धाप लागलेली होती. मी म्हटलं, “आय, तू एकटी दिवसाला किती विटा पाडतेस?”

“आता?” आय म्हणाली. मग गप्प झाली. ती आठवत असेल असं मला वाटलं. मी म्हटलं, “आता नाही गं, तेव्हा. बाला कावीळ झाली होती त्या साली. नऊ दिवस तो झोपडीत पडून होता बघ.” “हां, तवाचं इच्यारतंय,” ती म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम मोकळा झाला. “पन तवा बी येकली कशी? तू व्हतीस ना, साच्यात रेती टाकाया.” हे मी विसरलेच होते. चिखल साच्याला चिकटू नये म्हणून आधी आत कोरडी रेती भुरभुरवतात, ते काम माझं होतं. नऊ दिवस मी मूठ भरून रेती टाकत होते, तरी इतकी वर्षं त्या नऊ दिवसांत मी स्वतःला धरलेलं नव्हतं. “माझं सोड,” मी म्हटलं. “तुडवायचीस तूच, आणायचीस तूच, पाडायचीस तूच. किती व्हायच्या?” “सहाशे,” आय लगेच म्हणाली. “नववे दिशी साडेसहाशे. पन नरहरीनं सहाशेच धरल्या.” मागे कुठेतरी थप झालं. मी कान चोळला. पुन्हा थप. “आय, काय वाजतंय?” “नवसी धुनं धुतंय,” आय म्हणाली. नवसी आमची शेजारीण, तिचं धुणं सगळ्या पाड्याला ऐकू जातं. तोवर सुपरवायझर गेटमधून ओरडला, “ए प्रियंका, फोन रख, लाइन चालू है!” आय घाईने म्हणाली, “जा, जा. उद्या पेपर हाय ना. बरं लिव. गुडगे बरे हायत.” गुडघ्यांचं मी विचारलंच नव्हतं.

दुपारभर खोकी पुढे सरकत राहिली आणि मी हिशोब करत राहिले. दोघांच्या मिळून हजार. आयच्या एकटीच्या सहाशे. म्हणजे बाच्या चारशे. बारा हजार विटांची मागणी असेल तर दोघांना बारा दिवस लागतील. बाला एकट्याला तीस. आणि आयला वीस. मी खोकं धरून तशीच उभी राहिले, मागची खोकी येऊन साठायला लागली, आणि शेजारची मुलगी हिंदीत काहीतरी वाईट बोलली. गुरुवारी सरांनी फळ्यावर गोल केलेला तो वीस आय होती. कुठल्यातरी पेपर काढणाऱ्याने आमचेच आकडे उचलून ठेवल्यासारखं वाटलं, पण त्याला कुठून ठाऊक असणार, असे आकडे प्रत्येक पुस्तकात असतात. मला आनंद व्हायला हवा होता. गणित सुटलं होतं. त्याऐवजी मला रडायला येत होतं आणि रागही येत होता, आणि राग कोणावर काढायचा तेच कळत नव्हतं. बावर काढता येत नव्हता. तो काविळीत पिवळाधमक होऊन झोपडीत पडला होता आणि बाहेरचा थप ऐकून तोंड फिरवून रडत होता, ते मी पाहिलं होतं. पण बाकीची सगळी वर्षं? देवूची जोडी बघा. सहाशे विटांना चारशे विटांचं नाव, आणि त्याखाली मान वर करून उभी असलेली मी. तेवीस वर्षांत मला ही वजाबाकी एकदाही करावीशी वाटली नाही, आणि मी म्हणत होते की ब एकटा काम करू शकत नाही.

रविवारी पालघरचं केंद्र म्हणजे एका कॉलेजची कॉम्प्युटर लॅब. चपला बाहेर, फोन टोपलीत, बोटाचा ठसा. सत्तर मुलं असतील. प्रश्न इंग्रजीत आणि खाली बारीक मराठीत, साठ मिनिटांत साठ. सुरुवात बरी झाली. मग एकेचाळिसावा आला. अ एक काम तीस दिवसांत करतो आणि ब तेच काम वीस दिवसांत. दोघे मिळून काम सुरू करतात. तीन दिवसांनी अ काम सोडून जातो. उरलेलं काम ब एकटा किती दिवसांत संपवेल? पहिला पर्याय बारा, दुसरा पंधरा, तिसरा अठरा, आणि चौथा तोच माझा जुना ‘निश्चित सांगता येणार नाही’. अ सोडून जातो! कुठे जातो, कावीळ झाली की काय, कोणी विचारत नाही. ब थांबत नाही एवढंच त्यांना हवं असतं. मी डोळे मिटले. ऊन, चिखल, आयचा ओला हात, रेतीची माझी मूठ. तीन दिवसांत तीन हजार झाल्या. उरल्या नऊ. सहाशेने नऊ हजार. पंधरा. दुसऱ्या पर्यायावर दाबलं तेव्हा कानात थप झालं नाही. पहिल्यांदाच झालं नाही, आणि त्या शांततेने मला बरं वाटायच्या ऐवजी कसंतरीच झालं. घरात सतत चालणारी चक्की मध्येच बंद पडली की बाई स्वयंपाकघरातून धावत बाहेर येते, तसं.

शेवटचा भाग स्वभावाचा होता. त्याला बरोबर-चूक नसतं असं वर लिहिलेलं असतं, पण सरांनी आम्हाला तेही घोटून घेतलं होतं. “मदला गोळा कदी दाबायचा नाय. मदल्याला कंपनी भिते.” विधान आलं, ‘मी एकट्याने काम करणे पसंत करतो.’ खाली पाच गोळे, पूर्ण असहमतपासून पूर्ण सहमतपर्यंत. सरांचं उत्तर ठरलेलं, पूर्ण असहमत, कंपनीला मिळून काम करणारी माणसं लागतात. मी तेच दाबलं. पुढे ‘मी कधीही खोटे बोललेलो नाही’ आलं. तिथेही सरांचं उत्तर ठरलेलं होतं. मी तेही दाबलं.

पंचेचाळीस गुण पडले. लागत होते बेचाळीस. तोंडीला एक मॅडम आणि दोन साहेब. मॅडमनी माझा फॉर्म वाचला, “फादर शेती, मदर हाउसवाइफ, ओके,” आणि पान उलटायला बोट लावलं. मी म्हटलं, “नाही मॅडम.” त्यांनी वर पाहिलं. “माझी आई विटा पाडते. दिवसाला सहाशे. एकटी.” कधी न बोललेलं एकदम बोलून गेले. एक साहेब खुर्चीत सावरून बसले. मॅडम म्हणाल्या, “नाइस,” आणि फॉर्मवर काहीतरी बारीक लिहिलं. “पण आता नाही पाडत,” मी घाईने जोडलं, “गुडघ्यांमुळे. आता घरी असते.” मग त्यांनी मला टायट्रेशन विचारलं आणि मी सांगितलं.

पाच वाजता शिपायाने काचेवर यादी चिकटवली. सहा नावांत चौथं माझं. मी ते तीनदा वाचलं, बोट ठेवून, आडनावासकट. सरांना फोन करावा असं मनात आलं, पण पहिला फोन आयला. मी कॉलेजच्या कंपाउंडच्या भिंतीला टेकले. ऊन उतरायला लागलं होतं, फाटकाजवळ एक बाई सुके बोंबील घेऊन बसली होती आणि तिच्या टोपलीवरच्या माश्या मला उगाच छान वाटल्या. आयने फोन उचलला. “आय, लागले! मी लागले. एक तारखेपासून.” पलीकडे श्वासाचा आवाज आला, आणि मग आय लांब कोणालातरी ओरडून म्हणाली, “पोर लागलं! कंपनीत लागलं!” बाचा आवाज आला, काय म्हणाला कळलं नाही. मी म्हटलं, “आता नरहरीला सांगून टाक. उद्या आला तर टेम्पो तसाच परत घेऊन जा म्हणावं.” फोनमध्ये कुठेतरी जवळच थप झालं. मग जरा लांबून आणखी एक. मग आणखी एक, वेगळ्या हाताचा. नवसीचं धुणं एका वेळी तीन दगडांवर होत नाही.

“आय, कुठे आहेस तू?”

“तू रागवू नको.”

“कुठे आहेस?”

“नरहरी बुदवारीच आला,” आय म्हणाली. “म्हनला, टेम्पो आजच भरतो. चलता तं चला, नायतर दुसरी जोडी बगतो. मंग काय करनार? तुला सांगितलं असतं तं तू पेपर टाकून आली असतीस.” मी बुधवारपासून दिवस मोजले. गुरुवारी मी वर्गात उभी राहून सगळ्यांना हसवत होते तेव्हा ती साच्यापुढे बसलेली होती. शनिवारी मी तिला विचारलं, एकटी किती पाडतेस, तेव्हा ती ओला हात पुसून फोन धरून बसली होती, आणि ‘आता?’ म्हणाली होती. मी ऐकलं होतं. दोनदा ऐकलं होतं. आणि कान चोळला होता. “आता उठ,” मी म्हटलं. “आता मी लागलेय ना? उठ तिथून.” “आता जोडी लागलीय बाय,” आय मला समजावत म्हणाली, जसं काही लहान मीच होते. “मदून उटता नाय येत. तुज्या बाला येकल्याला कोन ठेवल? तू नको इच्यार करू. तू पास झालीस, माजं झालं.” तिचा आवाज खरोखरच आनंदी होता. ते मला सहन होत नव्हतं.

मला तिच्यासाठी तिथून काहीच करता येत नव्हतं. टेम्पोपुढे आडवं पडता आलं नाही, तिच्याऐवजी उकिडवं बसता आलं नाही. म्हणून मी विचारलं, “आज किती झाल्या?” “सकाळदरनं नवशे.” “तुझ्या किती?” “आमच्या नवशे.” “तुझ्या, आय.” ती हसली. “माज्या येकलीच्या कोन मोजतं गं?” “मी मोजते,” मी म्हटलं. “फोन बंद करू नको. तिथेच बाजूला ठेव.” तिला ते वेडेपण वाटलं असणार, पण पास झालेल्या पोरीचा हट्ट म्हणून तिने ठेवला. आधी नुसता वारा वाजला. मग हाताने चिखल दाबल्याचा आवाज, हात फिरवल्याचा, आणि थप. एक. मी तोंडातल्या तोंडात म्हटलं. दोन. तीन. बोंबीलवाली माझ्याकडे बघत होती. पाच. आय सावकाश पाडत होती, पूर्वीसारखी नाही, प्रत्येक दोन विटांच्या मध्ये एक कण्हल्यासारखा आवाज येत होता, तोही मी ऐकला. नऊ. दहा. अकरा. मग काहीच आलं नाही. बाचा आवाज जवळ आला, “ऊट जरा. पाय लांब कर. मी भरतं.” मला वाटलं, आता ती उठेल. खरंच उठेल. आय फोनपासून लांब होती, तरी तिचं बोलणं मला स्वच्छ ऐकू आलं. “नको, थांबाया नको. पोर मोजतंय.”

मी मोजणं तिथेच थांबवलं. “आय,” मी फोनमध्ये ओरडले, “आय, नाही मोजत मी, उठ!” फोन मातीवर पालथा पडलेला असेल, नाहीतर वारा असेल, तिला काही ऐकू गेलं नाही. थप.